बुद्धी ओसरू लागते तेव्हा ते कोणाला कळते?

नोव्हेंबर १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरातल्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तेथील डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी तिला विचारलेले प्रश्न आणि तिने दिलेली उत्तरे बारकाईने लिहून ठेवली. नाव काय, असे विचारल्यावर ती म्हणाली, ऑगस्टे. आडनाव विचारले, तर तेही ऑगस्टे. नवऱ्याचे नाव विचारले, तेव्हा जरा घुटमळून तिने पुन्हा ‘बहुधा ऑगस्टे’ असेच उत्तर दिले. जेवताना तिच्यापुढे फ्लॉवर आणि डुकराचे मांस होते आणि आपण पालक खात आहोत, असे ती सांगत होती. स्वतःचे नाव लिहायला सांगितल्यावर मात्र तिला ते पूर्ण करता येईना. त्या वेळी ती जे म्हणाली ते आज स्मृतिभ्रंशावरील असंख्य लेखांत उद्धृत होते: “मी स्वतःला हरवून बसले आहे.”

या टिपणांतली एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. अल्झायमर यांनी १९०७ साली या रुग्णाविषयी जो लेख प्रसिद्ध केला, त्यात आजाराचे पहिले ठळक लक्षण म्हणून विस्मरणाची नव्हे, तर नवऱ्याविषयीच्या मत्सराची आणि संशयाची नोंद आहे. म्हणजे ज्या आजाराला आपण विसरण्याचा आजार म्हणून ओळखतो, त्याने या घरात पहिला घाव घातला तो पती-पत्नीच्या नात्यावर. दुसरे असे की, जिला नवऱ्याचे नाव आठवत नव्हते, त्या स्त्रीला आपले काहीतरी फार मोठे हरवले आहे हे मात्र, निदान काही क्षण, नेमके कळत होते.

बुद्धी कमी होत गेली की माणसाची स्वतःविषयीची जाणीव त्याच प्रमाणात कमी होते आणि माणसांशी असलेली नातीही त्याच वेगाने सुटत जातात, अशी आपली साधारण समजूत असते. ही समजूत बरोबर नाही. काहींची बुद्धी बरीच शाबूत असते, पण आपल्यात काय बदलले आहे हे त्यांना अजिबात दिसत नाही. काहींना नुसती सुरुवात असतानाच ते इतके स्पष्ट दिसते की ते माणसांत मिसळणेच सोडतात. आणि काहींची स्मरणशक्ती व हिशेब उत्तम चालू असतात, मात्र घरच्यांना हा माणूस ‘आपला’ वाटेनासा होतो. असे का होते, याचे उत्तर मेंदू स्वतःची माहिती कशी ठेवतो यात दडलेले आहे.

आधी आपल्याकडच्या परिस्थितीविषयी थोडे सांगायला हवे. भारतात ६० वर्षांवरील लोकसंख्येपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ साली प्रसिद्ध झाला. डिमेन्शिया हे एकाच आजाराचे नाव नव्हे. स्मरण, भाषा, विचार, निर्णय यांपैकी एकाहून अधिक क्षमता इतक्या घसरणे की रोजचे व्यवहार स्वतंत्रपणे जमेनासे होतात, अशा अवस्थेचे ते नाव आहे. अल्झायमर हे तिचे सर्वांत मोठे कारण आहे, पण एकमेव नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो की बुद्धी नाठी होणे म्हणजे वयाचा धर्मच, असे घरोघरी गृहीत धरले जाते आणि डॉक्टरांकडे जायला मोकळेपणाने वर्ष-दोन वर्षे उशीर केला जातो. वयाने माणूस संथ होतो, नाव आठवायला वेळ लागतो. परंतु रोजच्या रस्त्याने घरी येताना वाट चुकणे हा वयाचा धर्म नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्वतःची जाणीव ही आपल्याला जन्मतः मिळालेली अखंड वस्तू वाटते, पण ती टप्प्याटप्प्याने घडते. साधारण दीड ते दोन वर्षांच्या वयात मूल आरशातल्या प्रतिमेला स्वतः म्हणून ओळखू लागते. नकळत त्याच्या नाकाला रंग लावून आरशासमोर उभे केले, तर ते आरशाकडे नव्हे, स्वतःच्या नाकाकडे हात नेते. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळी आणि चुकीचीही समजूत असू शकते, हे मात्र त्याला चौथ्या वर्षाच्या आसपास उमगते. त्यानंतर त्याला जमेल असे खोटे बोलता येऊ लागते, लाजही कळू लागते. बुद्धी वाढते तशी माणसाला स्वतःकडे दुसऱ्याच्या नजरेने पाहण्याची सोय होते, आणि नात्यांमधला बराचसा व्यवहार या एका सोयीवर चालतो.

मेंदूविज्ञानात या प्रक्रियेचे जे स्पष्टीकरण दिले जाते, ते खातेवहीच्या उदाहरणाने समजून घेणे सोपे आहे. प्रत्येकाच्या डोक्यात स्वतःविषयीची एक खातेवही असते: मी हिशेबाला पक्का आहे, मला चेहरे लक्षात राहतात, स्वयंपाकात माझा हात कोणी धरत नाही. रोज काही ना काही जमते किंवा बिघडते, त्याची कच्ची नोंद होते, जुन्या नोंदींशी ती ताडून पाहिली जाते, आणि चुका वारंवार होऊ लागल्या की पक्क्या वहीत दुरुस्ती होते: अलीकडे मला नावे आठवत नाहीत. या कामाला तीन गोष्टी लागतात. घडलेली चूक निदान काही काळ लक्षात राहावी लागते. जुन्या नोंदीशी तिची तुलना करता यावी लागते, ज्यात कपाळामागच्या भागाचा, म्हणजे मेंदूच्या पुढच्या खंडांचा मोठा वाटा असतो. आणि ही चूक महत्त्वाची आहे, असे आतून वाटावे लागते. अल्झायमरच्या आजारात बहुधा पहिलीच गोष्ट कोसळते. सकाळी औषध दोनदा घेतले, याची कच्ची नोंदच होत नाही. मग पक्क्या वहीत दुरुस्ती कशी व्हायची? माणसाच्या हाती दहा वर्षांपूर्वीची पक्की वही उरते, आणि ‘मला काही झालेले नाही’ हे त्याचे म्हणणे त्या वहीनुसार अगदी प्रामाणिक असते.

या स्थितीला वैद्यकात अॅनोसोग्नोसिया म्हणतात. फ्रेंच मेंदूतज्ज्ञ जोसेफ बाबिन्स्की यांनी १९१४ साली हे नाव दिले, ते स्मृतिभ्रंशासाठी नव्हे, तर अर्धांगवायूच्या काही रुग्णांसाठी. त्यांची डावी बाजू पूर्ण लुळी पडलेली असे, आणि ‘डावा हात हलवा’ म्हटले की ते शांतपणे पाहत राहत किंवा हलवला म्हणून सांगत. मेंदूच्या उजव्या अर्धात इजा झालेल्यांमध्ये हा प्रकार अधिक आढळतो. आपण वस्तुस्थिती नाकारणाऱ्या माणसाला हट्टी म्हणतो आणि त्यामागे भीती असेल, असे गृहीत धरतो. ती असतेही. पण भीतीपोटी नाकारणारा माणूस कोपऱ्यात गाठला की चिडतो, विषय टाळतो, डॉक्टर नको म्हणतो. ज्याच्या वहीत नोंदच झालेली नाही तो बहुधा चकित होतो, आणि समोरचे लोक माझ्याविषयी असे का बोलत आहेत, हे त्याला खरोखर कळत नाही. एकाच घरात, एकाच माणसात, एकाच दिवशी दोन्ही प्रकार दिसू शकतात, त्यामुळे घरच्यांचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

या अवस्थेचे सार्वजनिक जीवनातले सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांचे आहे. ३१ डिसेंबर १९७४ रोजी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू निकामी झाली. तल्लख बुद्धी आणि डोंगरदऱ्यांत पायी भटकण्याची आवड, या दोन्हींसाठी ते प्रसिद्ध होते. आजारानंतर त्यांनी अर्धांगवायूची बातमी खोटी असल्याचे सांगितले, भेटायला आलेल्या वार्ताहरांना डोंगरात चालायला येण्याचे निमंत्रण दिले, आणि लुळ्या पायाने फुटबॉल लांबवर मारत असल्याचेही सांगितले. कामकाजात त्यांचे लक्ष टिकेनासे झाले होते. शेवटी सहकारी न्यायमूर्तींपैकी बहुतेकांनी असे ठरवले की, ज्या खटल्यात डग्लस यांचे मत निर्णायक ठरेल, तो खटला पुढे ढकलायचा. नोव्हेंबर १९७५ मध्ये ते निवृत्त झाले, आणि तरीही आपण न्यायमूर्ती आहोत अशा थाटात कामात भाग घेऊ पाहत राहिले. तसे करता येणार नाही, असे सहकाऱ्यांना त्यांना लेखी कळवावे लागले.

मला या प्रसंगात डग्लस यांच्यापेक्षा सहकाऱ्यांची कोंडी अधिक शिकवणारी वाटते. छत्तीस वर्षे न्यायासनावर बसलेल्या माणसाला ‘तुमची बुद्धी आता पूर्वीसारखी राहिलेली नाही’ असे तोंडावर सांगण्याऐवजी त्यांनी कामाचीच रचना त्याला वळसा घालून केली. आपल्या घरांमध्ये याहून वेगळे काही घडत नाही. दादांच्या हाती बँकेचे पासबुक देणे हळूहळू बंद होते, सूनबाई गॅसचा कॉक रात्री स्वतः तपासू लागते, गाडीची चावी ‘सापडत नाही’. हे सारे प्रेमापोटीच होते, परंतु ज्याच्यासाठी होते त्याला त्यातला हेतू दिसत नाही. त्याला दिसते ते एवढेच की, कालपर्यंत आपल्याला विचारून वागणारी माणसे आपल्यामागे काहीतरी कारस्थान करत आहेत.

‘माझे पैसे चोरले’ हा आरोप इथूनच जन्माला येतो. पाकीट आपणच कपाटात साड्यांच्या खाली ठेवले, याची नोंद झालेली नाही. पाकीट जागेवर नाही, हे मात्र डोळ्यांना दिसते. ‘मी वस्तू विसरत नाही’ अशी जुनी नोंद पक्की असल्यामुळे उरलेला तर्क अगदी शिस्तीत चालतो: मी ठेवले नाही, म्हणजे कोणीतरी उचलले, आणि या खोलीत येते कोण, तर सेवेला असलेली बाई नाहीतर सून. म्हणजे बुद्धी बंद पडलेली नसते. ती चुकीच्या मुद्द्यावरून बरोबर तर्क करत असते. म्हणूनच जो सर्वांत जवळून काळजी घेतो त्याच्याच वाट्याला सर्वांत अधिक संशय येतो, आणि सणावारी भेटायला येणारा मुलगा किंवा पुण्याहून फोन करणारी लेक गोड राहते. घरातली भांडणे बहुधा याच फरकावरून पेटतात: ‘आमच्याशी तर बाबा अगदी नीट बोलतात’ हे वाक्य दूर राहणाऱ्या भावंडाने खरेपणाने उच्चारलेले असते, आणि ते ऐकणाऱ्याला ते असह्य वाटते.

जाणीव किती उरली आहे हे तज्ज्ञ कसे मोजतात, ही पद्धतही समजून घेण्याजोगी आहे. रुग्णाला आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या व्यक्तीला तेच प्रश्न वेगवेगळे विचारले जातात: नावे आठवतात का, वस्तू कुठे ठेवल्या ते लक्षात राहते का, पैशांचा व्यवहार जमतो का? दोघांच्या उत्तरांमधले अंतर जितके अधिक, तितकी जाणीव कमी. दुसरी पद्धत अशी की, दहा शब्दांपैकी किती आठवतील, असे आधी विचारायचे आणि नंतर प्रत्यक्ष परीक्षा घ्यायची. या मोजमापांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: ज्या घरात रुग्णाला आपल्या अडचणीची जाणीव नसते, तिथे सांभाळणाऱ्यांवरचा ताण अधिक असतो. विस्मरण जास्त असल्यामुळे नव्हे, तर मदत नाकारली जाते म्हणून. अर्थात जवळच्या माणसाचे सांगणे हा काही निर्दोष मापदंड नव्हे. थकलेली व्यक्ती रुग्णाला आहे त्याहून वाईट रंगवू शकते, आणि भीतीने ग्रासलेली पत्नी आहे त्याहून बरे.

तरीही जाणीव नाही म्हणजे काहीच कळत नाही, असे समजणे चुकीचे ठरेल. ‘मला काही विसरायला होत नाही’ म्हणणारी आजी पाहुणे आले की शांत बसते, नावाऐवजी सर्वांना ‘बाळा’ म्हणू लागते, भजनी मंडळात जायचे टाळते. वहीत नोंद नसली तरी अंगाला काहीतरी ठाऊक असते. भावनेचे हे ज्ञान स्मरणाहून वेगळ्या वाटेने टिकते, याचा पुरावाही आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना दुःखद आणि आनंददायी चित्रफिती दाखवल्या आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चित्रफितीत काय होते हे रुग्णांना थोड्याच वेळात फारसे सांगता येईना, पण मनावर आलेले दुःख किंवा आनंद त्यानंतरही रेंगाळत राहिला. ‘सांगून काय उपयोग, पाच मिनिटांत विसरणारच’ म्हणून रागावून बोलणाऱ्यांनी या निष्कर्षाचा विचार करावा. रागावणे विसरले जाते; रागावल्यानंतरची खिन्नता कारणाशिवाय मागे राहते, आणि कारण सापडत नसल्यामुळे ती पुसताही येत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला ती माणसे आहेत ज्यांना सुरुवातीलाच फार स्पष्ट दिसते. निदान होण्याच्या आधीच्या काळात, सौम्य घसरण असताना, अनेकांच्या वहीत नोंद होत असते आणि ती रोज होते. प्राध्यापकाला व्याख्यानात शब्द सापडत नाही, दुकानदाराला उधारीचा मेळ बसत नाही, चाळीस माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला मीठ घातले की नाही ते आठवत नाही. ज्यांची ओळखच बुद्धीवर किंवा हातच्या कौशल्यावर उभी असते, त्यांना हे जास्त लागते. ते लोकांत जाणे कमी करतात, फोन दुसऱ्याच्या हाती देतात, चूक उघडी पडू नये म्हणून कमी बोलतात. घरच्यांना यात उदासीनता किंवा तुटकपणा दिसतो, आणि ‘हल्ली यांना आमच्यात रस उरलेला नाही’ असा चुकीचा अर्थ लावला जातो.

आतापर्यंतची चर्चा स्मरणाभोवती फिरली, कारण बुद्धी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्मरण, गणित, भाषा हेच येते. पण नात्यांचा सर्वांत मोठा विध्वंस करणारा आजार स्मरणाला सुरुवातीला हातही लावत नाही. प्रागमधील आर्नोल्ड पिक यांनी १८९२ पासून ज्याचे वर्णन करायला सुरुवात केली, त्या प्रकाराला आज फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणतात. तो अनेकदा ४५ ते ६५ या वयात, म्हणजे नोकरी चालू असताना आणि मुले शिकत असताना सुरू होतो. त्याच्या एका प्रकारात मेंदूचा पुढचा भाग आणि कानशिलामागचा भाग झिजू लागतो, आणि दुसऱ्याला काय वाटत असेल याची आच संपते. नेहमी सौजन्याने वागणारा गृहस्थ लग्नसमारंभात अनोळखी स्त्रीच्या दिसण्यावर मोठ्याने शेरा मारतो, पत्नीला ताप असताना तिला उठवून जेवण मागतो, मित्राच्या अंत्ययात्रेत विनोद सांगतो, गोडाचा डबा एका बैठकीत संपवतो. तारीख, वार, पंतप्रधानांचे नाव या नेहमीच्या चाचण्यांत तो उत्तीर्ण होतो. आणि आपण बदललो आहोत असे त्याला मुळीच वाटत नाही, कारण चूक महत्त्वाची आहे असे आतून वाटणे, ही तिसरी गोष्टच त्याच्याकडे उरलेली नसते. अशा घरांमध्ये डॉक्टरांच्या आधी विवाह समुपदेशक, कधी वकील, आणि आपल्याकडे कधी देवऋषीही होऊन जातो.

मेंदूच्या पुढच्या भागाला इजा होऊन स्वभाव बदलल्याचे जुने उदाहरण म्हणून १८४८ साली अमेरिकेत सुरुंगाच्या स्फोटात लोखंडी कांब डोक्यातून आरपार गेलेल्या फिनियस गेज या रेल्वे मुकादमाची कथा सांगितली जाते. ‘हा आता गेज राहिलेला नाही’ असे त्याचे मित्र म्हणत, ही नोंद त्याचे डॉक्टर जॉन हार्लो यांनी केलेली आहे. ही कथा सांगताना पुढचा भाग बहुतेक जण गाळतात: गेज नंतर चिली देशात काही वर्षे घोडागाडी हाकण्याचे शिस्तीचे आणि जोखमीचे काम करत होता, म्हणजे त्याची सामाजिक वागणूक बऱ्याच अंशी सावरली असावी.

‘तोच माणूस राहिला नाही’ असे जवळच्यांना नेमके कशामुळे वाटते, याचा अभ्यास नीना स्ट्रोमिंगर आणि शॉन निकोल्स या अमेरिकी संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केला. त्यांनी तीन प्रकारच्या रुग्णांच्या २४८ नातेवाइकांना प्रश्न विचारले: अल्झायमर, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, आणि ज्यात शरीराच्या हालचाली जातात पण स्वभाव बहुधा टिकतो असा एक मज्जातंतूंचा विकार. स्मरण गेल्यामुळे माणूस परका झाला, असे नातेवाइकांना फारसे वाटत नव्हते. प्रामाणिकपणा, दया, आपुलकी, निष्ठा हे गुण बदलले की मात्र तो परका वाटू लागत होता, आणि त्यामुळे फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या कुटुंबांमध्ये नाते सर्वांत अधिक तुटल्यासारखे झाले होते. मला हा निष्कर्ष आपल्याकडच्या अनुभवाशी जुळणारा वाटतो. सर्व काही विसरलेली पण हात हातात घेऊन ‘जेवलीस का गं?’ विचारणारी आई लेकीला अजूनही आईच वाटते. नाव, पत्ता, भाऊबंदकीचे सर्व खटले पाठ असलेला पण माया आटलेला बाप वाटत नाही.

याच लेकीला ती आई एखाद्या दिवशी ‘ताई’ म्हणून हाक मारते, आणि घरात रडारड होते. तिच्या बाजूने पाहिले तर हे वेडेपण नाही. अल्झायमरमध्ये अलीकडच्या आठवणी आधी जातात, तरुणपणीच्या बराच काळ राहतात. त्यामुळे आपण कोण, किती वर्षांच्या, हे ठरवण्यासाठी तिच्याकडे उरलेली माहिती पंचवीस वर्षांच्या मुलीची असते. पंचवीस वर्षांच्या मुलीला पन्नास वर्षांची लेक असणार कशी? समोरची ओळखीची, मायाळू, वयाने मोठी दिसणारी स्त्री ही बहीण असली पाहिजे, नाहीतर आई. पुढच्या टप्प्यावर आरशातली म्हातारी स्त्री तिला परकी वाटू लागते आणि ती तिच्याशी गप्पा मारते किंवा तिला हाकलते. अशा वेळी आरसा झाकून ठेवतात, तो उपाय साधा आणि उपयोगी आहे. इथे नाते हरवलेले नसते. नात्याचे नाव चुकलेले असते, नात्यातली जवळीक बरोबर जागी असते.

जवळच्या माणसांच्या दुःखाचा एक प्रकार इथे वेगळा सांगायला हवा. माणूस देहाने समोर आहे आणि मनाने नाही, अशा स्थितीत त्याच्यासाठी शोक करायचा की नाही, हेच कळत नाही. अमेरिकेतील पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना अशा संदिग्ध वियोगाची कल्पना मांडली आणि पुढे ती स्मृतिभ्रंशाच्या कुटुंबांना लागू केली. मृत्यूला आपल्याकडे दिवस असतात, विधी असतात, भेटायला येणारी माणसे असतात. या वियोगाला यांपैकी काहीच नाही. उलट ‘नशीबवान आहात, वडील अजून आहेत’ असे ऐकून घ्यावे लागते.

बुद्धी गेली ती कायमची गेली, असे प्रत्येक वेळी नसते, आणि त्यासाठी तरी तपासणीला उशीर होऊ नये. थायरॉइड ग्रंथी मंदावल्याने माणूस मठ्ठ, उदास, कधी संशयी आणि भ्रमिष्ट होतो. १८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे यांनी अशा एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती सुधारली आणि पुढे २८ वर्षे जगली. १९४९ साली रिचर्ड अॅशर यांनी याच कारणाने वेडेपणाची लक्षणे आलेल्या १४ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्यांतले बरेच जण उपचाराने पूर्ववत झाले. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्या शाकाहारी घरांमध्ये आणि मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये सर्रास आढळते आणि तीही विचारशक्ती मंदावते. मेंदूतील पाणी साठल्याने चाल अडखळते, लघवीवर ताबा राहत नाही आणि बुद्धी संथ होते, अशा आजारात नळी बसवून काही रुग्णांना चांगला फरक पडतो. पडल्यानंतर कवटीखाली हळूहळू साचलेले रक्त काढल्यावरही माणूस पुन्हा ताळ्यावर येऊ शकतो.

अशा रुग्णांकडे लक्ष दिले तर उलट दिशेचा बदल दिसतो. बुद्धी परत येते, तशी वहीतली नोंद पुन्हा सुरू होते, आणि मधल्या काळात आपण कसे वागलो याचे तुकडे लोकांकडून गोळा करावे लागतात. आपण भावावर चोरीचा आळ घेतला होता, नातवाला ओळखले नव्हते, हे ऐकून कानकोंडे होणारी माणसे असतात. दुसरीकडे घरच्यांना पासबुक आणि चाव्या परत देण्याची सवय लवकर लागत नाही. निर्णय घेण्याचा हक्क एकदा गेला की बरे झालेल्या माणसालाही तो मागून घ्यावा लागतो.

आणि हक्काचा विषय निघालाच आहे, तर कायद्याची एक बाजू प्रत्येक घराला माहीत असावी. वडिलांनी मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवले की काळजी मिटली, असे अनेकांना वाटते. परंतु १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार, ज्याने अधिकार दिले त्याचेच मन अस्थिर झाले की दिलेले प्रातिनिधिक अधिकार संपुष्टात येतात. म्हणजे ज्या दिवसासाठी ते पत्र केले, त्या दिवशीच ते निरुपयोगी ठरते. मग पालकत्वासाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. मृत्युपत्रासाठीही ते करतेवेळी मन शाबूत असणे आवश्यक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मात्र एक सोय केली आहे: आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत हे आधीच लिहून ठेवता येते आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्तीही नेमता येते. ही सर्व कागदपत्रे करण्याचा योग्य काळ म्हणजे सौम्य घसरणीचा काळ, जेव्हा माणसाला आपले काय होते आहे ते अजून दिसत असते आणि सही करताना आपण कशावर सही करत आहोत हेही कळत असते. तो काळ किती महिने टिकेल हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही, त्यामुळे निदान झाल्यावरच्या पहिल्या भेटीत औषधांच्या चिठ्ठीबरोबरच हा विषय काढावा, आणि तो रुग्णाच्या माघारी नव्हे, त्याला समोर बसवून काढावा.